नागपुरात घर विकताय? बयाणा घेण्याआधी या चुका टाळा

बाबांचं मानेवाड्याकडचं घर विकायला काढलं तेव्हा आम्ही आतून-बाहेरून रंग दिला, दारांना पॉलिश केलं आणि तयारी झाली असं समजलो. पार्टी आली ती ओळखीच्या सिव्हिल इंजिनिअरला घेऊन. त्यांनी रंगाकडे पाहिलंही नाही. सरळ मागच्या खोलीच्या खिडकीखाली गेले, बोटांनी भिंत ठोकली आणि म्हणाले, "भाऊ, इथे कूलर लागत होता ना जी?" वीस उन्हाळे लागला होता. नव्या रंगाखालचं प्लास्टर पोकळ वाजलं. बोलून झालेल्या भावातून तीन लाख तिथेच उतरले. नंतर गवंड्याला विचारलं, तर काम चाळीस हजारांच्या आतलं होतं.

तेव्हापासून घर विकणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, घेणाऱ्याच्या आधी आपलं घर आपण तपासून घ्या, भिंतीही आणि कागदही. तपासणीची सक्ती नाही म्हणून ती होत नाही, असं मुळीच नाही. घेणारा कर्ज काढतो, बँक आपला व्हॅल्युअर पाठवते, वकील जुन्या व्यवहारांचा सर्च काढतो. पण हे सगळं बहुतेक वेळा बयाणा झाल्यावर होतं. तोवर तो पैसा आपण दुसऱ्या घरासाठी देऊन बसलेले असतो, आणि मग घासाघीस करायची ताकद उरत नाही.

भेगा रंगाने झाकणे

नागपूरच्या बऱ्याच भागांत पायाखाली काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया पुरेसा खोल नसेल तर घर दरवर्षी थोडं थोडं हलतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते, कंपाउंडची भिंत कलते, पुढच्या खोलीची फरशी बसते. प्लास्टरवरच्या केसासारख्या रेषांना घाबरू नका. पण विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी चढत गेलेली भेग स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. तो भेगेवर काचेची पट्टी चिकटवतो; काही महिन्यांत ती तडकली, तर भेग अजून वाढते आहे. यासाठी एक पावसाळा हाताशी लागतो, म्हणून विकायचं मनात आलं की हे काम आधी लावा.

गच्चीचंही तसंच. उन्हाळाभर तापलेल्या स्लॅबवर पहिला पाऊस पडला की बारीक तडे बोलू लागतात. पाइपांची तोंडं बंद करून गच्चीवर दोन इंच पाणी एक दिवस तुंबवून ठेवा आणि खालून छत बघा. वॉटरप्रूफिंग करायचं असेल तर मे महिन्यात करा, जुलैत ओल्या स्लॅबवर केलेलं काम टिकत नाही. कूलरच्या खिडकीखालचा लोणा लागलेला भाग खरवडून विटेपर्यंत मोकळा करा, पूर्ण वाळू द्या आणि मगच प्लास्टर करा. चौकटींना उधळी, म्हणजे वाळवी, लागली आहे का ते टोच्याने टोचून पाहा. गडर लाइनचे, म्हणजे सांडपाण्याचे, चेंबर उघडून बघा.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. त्या पट्ट्यातलं घर असेल, तर पाणी कुठवर आलं होतं हे विचारलं जाणारच. खरं सांगा, आणि त्यानंतर काय काय बदललं त्याची बिलं दाखवा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार, घेणाऱ्याला साध्या पाहणीत न दिसणारा पण आपल्याला माहीत असलेला मोठा दोष सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे.

सगळंच दुरुस्त करत बसू नका. गळती, ओल, उधळी यांवर घातलेला पैसा परत येतो, पण नवं मॉड्युलर किचन बसवून तो परत येत नाही. घेणारा ते काढून आपल्या आवडीचं बसवतो.

आरएल आहे, म्हणजे सगळं आहे असं धरणे

आपल्या शहरात सगळ्यात जास्त व्यवहार इथेच अडकतात. खासगी लेआउटमधला प्लॉट असेल तर नियमितीकरणाचं पत्र, म्हणजे आरएल, लागतंच. २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली अर्ज केला होता आणि डिमांड नोट भरली होती, एवढ्यावर थांबलेली कितीतरी घरं आहेत. पैसे भरल्याची पावती म्हणजे आरएल नव्हे. आणि आरएल असलं तरी ते प्लॉटचं असतं. त्यावर चढवलेला दुसरा मजला मंजूर नकाशात नसेल, तर बँकेचा व्हॅल्युअर तो मजला किमतीत धरायला कचरतो आणि घेणाऱ्याचं कर्ज तेवढ्याने कमी बसतं.

नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) लीजवरचा प्लॉट असेल तर भूभाडं थकलं आहे का, लीजची मुदत किती उरली आणि हस्तांतरणाचं शुल्क किती, हे आधीच लेखी घ्या. नझूलच्या, म्हणजे सरकारी मालकीच्या, जागेचीही अशीच चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात करा. आखीव पत्रिकेवर (सिटी सर्व्हेच्या मालमत्ता पत्रकावर) अजून आजोबांचं नाव असेल तर आधी वारसांची नोंद करून घ्या. सगळ्या बहिणींच्या सह्या लागतात. "ताई नाही म्हणणार नाही" या भरवशावर बयाणा घेऊ नका. फ्लॅट असेल तर आपल्याकडे बऱ्याच इमारतींत सोसायटी नसते, अपार्टमेंट डीड (फ्लॅटच्या मालकीचा नोंदवलेला दस्त) असतं. तेच मूळ कागद शोधून ठेवा. सोसायटी असलीच, तर महापालिका हद्दीत हस्तांतरण प्रीमियम २५,००० रुपयांपेक्षा जास्त मागता येत नाही.

भाव ठरवताना खर्च न मांडणे

मुद्रांक शुल्क आणि नोंदणी, वेगळं ठरलं नसेल तर, घेणाऱ्याच्या माथी. आपल्याकडे उरतं ते दलालाचं कमिशन (टक्का आधी लेखी ठरवा), थकलेला मालमत्ता कर, पाणीबिल, वकील, दुरुस्ती आणि उरलेलं गृहकर्ज. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड लागत नाही. कर्ज फिटल्यावर बँकेने ३० दिवसांत मूळ कागद द्यायचे असतात. तिच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते.

सगळ्यात मोठा खर्च मात्र कराचा, आणि तोच लोक शेवटी आठवतात. २३ जुलै २०२४ पासून २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवलेल्या घराच्या नफ्यावर १२.५ टक्के कर आहे, महागाई निर्देशांक न लावता, म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून न धरता. त्याआधी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला जुन्या पद्धतीने, निर्देशांक लावून २० टक्क्यांचा हिशेबही करता येतो. दोन्ही मांडा. वडिलांच्या २००१ पूर्वीच्या घराची, खरेदीच्या किमतीऐवजी धरायची १ एप्रिल २००१ ची किंमत ६ लाख आणि विक्री ८० लाख धरा. २०२५-२६ च्या निर्देशांकाने जुना हिशेब साधारण ११.४९ लाखांवर जातो, नवा ९.२५ लाखांवर. आता २०१९-२० मध्ये ४० लाखांना घेतलेला फ्लॅट ५२ लाखांना गेला असं धरा. नव्या पद्धतीने दीड लाख, जुन्या पद्धतीने शून्य. सरचार्ज आणि सेस वेगळे. म्हणून २००१ च्या किमतीचा रजिस्टर्ड व्हॅल्युअरचा अहवाल आणि घरावर केलेल्या भरीव बांधकामाची बिलं जपून ठेवा. नफ्यातून दुसरं घर घ्यायचं असेल तर मुदतीच्या तारखा सीएकडून लिहून घ्या.

रेडी रेकनरची, म्हणजे सरकारी दरपत्रकाची, किंमत दाखवलेल्या भावापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त असली, तर कर रेडी रेकनरच्या किमतीवर लागतो. आणि बयाणा रोख? २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेतली, तर तेवढाच दंड घेणाऱ्या हाताला, म्हणजे आपल्याला होऊ शकतो. व्यवहार ५० लाखांचा किंवा वरचा असेल तर घेणारा एक टक्का टीडीएस कापणार. तो भरल्याचं प्रमाणपत्र त्याच्याकडून मागून घ्या.

किल्ली देण्याच्या दिवशी वीज आणि पाण्याच्या मीटरचे फोटो काढा, त्यावर दोघांच्या सह्यांचा कागद करा. महावितरणचं मीटर त्याच आठवड्यात नव्या मालकाच्या नावावर करायला लावा. आमचं राहिलं होतं. आठ महिन्यांनी थकबाकीची नोटीस आली, बाबांच्या नावाने.