तोंडातली गाठ: ओळखावी कशी, काढावी कधी

तोंडात गाठ आली की पुष्कळ जण ती जिभेने दिवसभर चाचपतात आणि दाखवायला मात्र दुखू लागल्यावरच जातात. न दुखणे हे निर्धास्त होण्याचे कारण नव्हे, कारण साधी गाठ जशी दुखत नाही तसा सुरुवातीचा कर्करोगही बहुधा दुखत नाही.

आधी चांगल्या उजेडात, धुतलेल्या बोटाने गाठीची जागा, रंग आणि घट्टपणा पाहावा. गालाच्या आत, दात मिटतात त्याच रेषेवर असलेली गुलाबी, गुळगुळीत, घट्टसर गाठ बहुधा वारंवार चावले गेल्याने झालेला फायब्रोमा, म्हणजे तंतुमय साधी गाठ, असते. खालच्या ओठाच्या आतला निळसर, पाणी भरल्यासारखा फुगा, जो फुटून बसतो आणि काही दिवसांनी पुन्हा भरतो, तो म्युकोसील. लहान लाळग्रंथीची नळी तुटून लाळ आतच साठते, म्हणून सुईने फोडून काही साधत नाही, ती ग्रंथीच काढावी लागते. हिरडीवरची लालभडक, ब्रश लागताच रक्त येणारी गाठ गरोदरपणात अनेकदा दिसते. दातांवरचे कीटण काढून घ्यावे, बाळंतपणानंतर ती पुष्कळदा आपोआप आक्रसते. दाबल्यावर फिकी पडणारी जांभळी गाठ रक्तवाहिन्यांची असू शकते. तिला दोरा बांधणे किंवा चुना लावणे हा अघोरीपणा आहे. डॉक्टरही पूर्वतपासणीशिवाय तिला हात लावत नाहीत.

गाठ होण्याचे कारण तसेच ठेवून ती काढली तर परत येते. टोकदार दात घासून घ्यावा, रुतणारी कवळी दुरुस्त होईपर्यंत काढून ठेवावी आणि 2 आठवडे वाट पाहावी. तरीही गाठ राहिली तर जागा बधिर करून ती काढतात, एखाद-दुसरा टाका पडतो. मात्र काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये (तो टिकवून ठेवणाऱ्या द्रावात) घालून सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीला गेलाच पाहिजे, आणि पैसे वाचवण्यासाठी नेमके हेच टाळले जाते.

मराठवाड्यात गुटखा, तंबाखू-चुना आणि बायकांमध्ये मिसरी इतकी रुळलेली आहे की ही सवय असणाऱ्याने 2 आठवडेही थांबू नये. गाठीला कडक कडा, न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, मानेत गाठ, किंवा तोंडात तीन बोटे उभी न मावणे यांपैकी काहीही दिसले, तर जिल्हा रुग्णालयाचा दंत विभाग किंवा छत्रपती संभाजीनगरचे शासकीय दंत महाविद्यालय लगेच गाठावे. जाताना जुनी चिठ्ठी, चालू गोळ्या आणि कवळी सोबत न्यावी. रक्त पातळ करण्याची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये.