पाणी कुठं मुरतंय? कारखान्यातल्या या चुका टाळा

इंदूरच्या बहुतेक मोहल्ल्यांत नळ एक दिवसाआड येतात. ते नर्मदेचं पाणी येतं मंडलेश्वरजवळच्या जलूदहून. सुमारे ७० किलोमीटरची वाट, त्यात विंध्याचा चढ, म्हणजे जवळजवळ ५०० मीटरचा उपसा. हजार लिटर पाणी एवढं उंच न्यायला, पंपाची घट धरून, साधारण दोन युनिट वीज जाते. आणि गंमत अशी, की मध्य प्रदेशातलं वीज बनवणारं मोठं औष्णिक केंद्र, खंडवा जिल्ह्यातलं सिंगाजी, पाणी घेतं इंदिरा सागरातून. म्हणजे पुन्हा नर्मदेतूनच.

देशातल्या उद्योगांत सर्वांत जास्त पाणी ही औष्णिक केंद्रंच उचलतात. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारनं जुन्या केंद्रांना विजेच्या युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा घातली. त्यांच्यामागे कापड, कागद, पोलाद, साखर, रसायनं. सिंगाजीत काय चालतं ते आपल्या हातात नाही. पण इंदूरच्या आसपासच्या सांवेर रोड, पीथमपूर, देवास इथल्या कारखान्यांत युटिलिटी सांभाळताना (युटिलिटी म्हणजे बॉयलर, कूलिंग टॉवर, पंप, बंद पडल्यावरच ज्यांची आठवण होते ते खातं) ज्या चुका पाहिल्या, आणि एक-दोन स्वतः केल्या, त्या इथे लिहितो.

मीटर एकच, तोही बोरिंगवर

भूजल उपशासाठी २०२० चे केंद्रीय नियम आहेत. परवानगी घेतली की डिजिटल फ्लो मीटर बसवावाच लागतो, म्हणून तो असतो. पण असतो बोरिंगच्या तोंडाशी. त्यापुढे पाणी कुठं गेलं, हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

एका कारखान्यात मी चौकीदाराला शनिवारी रात्री दहाचं आणि रविवारी सकाळी सहाचं रीडिंग वहीत टिपायला सांगितलं. कारखाना बंद, माणूस एक, तोही खुर्चीत. आठ तासांत मीटर १४ हजार लिटर पुढे सरकला होता. दोन दिवस आम्ही जमिनीखालची लाइन फुटली म्हणून हुडकत बसलो. निघालं काय, तर गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट अडकला होता आणि ओव्हरफ्लोचा पाइप थेट बंद गटारात जोडलेला होता. थेंब कुणाला दिसायचा प्रश्नच नव्हता. पाइप कापून त्याचं तोंड ऑफिसच्या दारासमोर, डोळ्यांदेखत सोडलं. त्यानंतर फ्लोट पुन्हा दोनदा अडकला. दोन्ही वेळा दहा मिनिटांत बोंब झाली.

पुढचे मीटर बसवाल तेव्हा निदान चार जागा धरा: कूलिंग टॉवर, बॉयलर, प्रोसेस, आणि संडास-कँटीन. बेंडला चिकटून मीटर लावू नका, रीडिंग भलतंच येतं. आधी सरळ पाइप हवा.

कूलिंग टॉवरचा ड्रेन ‘जरासा उघडा’

पाणी मुरायची सर्वांत मोठी जागा ही. टॉवरमधून उडतं ते शुद्ध पाणी, क्षार मागे राहतात. ते साठू नयेत म्हणून थोडं पाणी सोडून द्यावं लागतं, त्याला ब्लोडाउन म्हणतात. किती सोडायचं, हे बहुतेक ठिकाणी ऑपरेटरच्या मनगटावर असतं. कुणीतरी कधीतरी व्हॉल्व्ह दोन आटे उघडला आणि तो तसाच राहिला.

तपासायला पाचशे-हजारांचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) पुरतो. भरतीच्या, म्हणजे टॉवरमध्ये नव्यानं घातलेल्या पाण्याचा आकडा ६०० आणि टॉवरचा १२०० आला, तर तुमच्या सायकल्स दोन, म्हणजे क्षार दुप्पट झाले की पाणी सोडलं जातंय. दिवसाला ३० हजार लिटर उडत असेल तर दोन सायकल्सवर भरती लागते ६० हजार. चारवर नेलं तर ४० हजार. निव्वळ एक व्हॉल्व्ह आवळून २० हजार लिटर! पण लगेच आठवर उडी मारू नका. आपल्या माळव्याच्या काळ्या खडकातलं पाणी जड, त्यात सिलिका. सॉफ्टनरनं जडपणा जातो, सिलिका जात नाही. पांढरी खपली फिलवर (टॉवरच्या आत ज्यावरून पाणी ओघळतं त्या पट्ट्यांवर) बसली की ती कुठल्याच ब्रशला दाद देत नाही. पाण्याची तपासणी स्वतंत्र प्रयोगशाळेतून करून घ्या. केमिकल विकणाऱ्यानं फुकट करून दिलेला रिपोर्ट मी तरी एकदा ताडून बघतो.

आता माझी चूक. आरओचं रिजेक्ट (पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर पडणारं खारं पाणी), रोजचं १० हजार लिटर, गटारात जाताना बघवेना, म्हणून टॉवरमध्ये वळवलं. वहीत ‘बचत १०,०००’ लिहिलं, वरून शाबासकीही मिळाली. महिन्यानं हिशेब मांडला तर भरतीचं पाणी रोज जेमतेम दोन हजारांनी कमी झालं होतं. रिजेक्टचा टीडीएस दोन हजारांच्या घरात. टॉवर लवकर खारावला, ब्लोडाउन वाढलं, आणि एका हातानं वाचवलेलं दुसऱ्या हातानं सांडलं. तेच रिजेक्ट पुढे संडासांना आणि फरशी धुवायला दिलं, तेव्हा दहाचे दहा हजार वाचले.

कंडेन्सेट ‘दोन दिवसांसाठी’ गटारात

बॉयलरची वाफ काम करून थंड झाली की तिचं जे पाणी होतं ते कंडेन्सेट; ते परत बॉयलरला द्यायचं असतं. कधीतरी एखादा हीट एक्स्चेंजर (वाफेची उष्णता मालाला देणारं यंत्र) फुटतो, माल वाफेच्या पाण्यात मिसळतो, बॉयलर खराब होऊ नये म्हणून लाइन तात्पुरती बाहेर काढतात. एक्स्चेंजर दुरुस्त होतो, लाइन बाहेरच राहते. वर्षानुवर्षं. हे नव्वद अंशांचं, जवळजवळ शुद्ध पाणी आहे. बॉयलरच्या भरतीचं तापमान सहा अंशांनी वाढलं की इंधन साधारण एक टक्का वाचतं. भीती मिसळण्याचीच असेल तर लाइनवर कंडक्टिव्हिटी प्रोब (पाणी बिघडलं की ओळखणारा सेन्सर) बसवा, पाणी बिघडलं तरच ते बाहेर वळेल. मालकाला पाण्याचं सांगून पटत नाही. गॅसचं बिल दाखवा.

पाइप हा झाडू नव्हे

शेव-नमकीनच्या कारखान्यात शिफ्ट सुटताना जा. बेसनाचे गोळे पाण्याच्या धारेनं ढकलत नालीपर्यंत नेतात. वीस लिटरची बादली धारेखाली धरा, घड्याळ लावा. चाळीस सेकंदांत भरली तर तासाला १८०० लिटर. आधी पत्र्यानं खरवडून कोरडं उचला, मग पाइप; आणि पाइपला सोडल्याबरोबर बंद होणारी गन. बेसन नालीत न गेल्यानं ईटीपीवाल्याचं (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटवाल्याचं) डोकंही कमी दुखतं.

ईटीपीवरून आठवलं. नमुना घ्यायला लोक येणार म्हटलं की ताजं पाणी ओतून सीओडी (पाण्यातल्या घाणीचं माप) मर्यादेत ‘बसवणं’ हा जुना उद्योग. घाण तेवढीच राहते, वर चांगलं पाणी वाया, आणि नियमात ते बसत नाही ते वेगळंच.

रिचार्जच्या खड्ड्यात आवाराचं पाणी

पावसाचं पाणी जमिनीत मुरवायच्या या खड्ड्यात फक्त छताचं पाणी सोडा. आवारातल्या पाण्यात डिझेल, तेल, सांडलेलं केमिकल असतं. ते बोरिंगमध्ये उतरलं की काढता येत नाही. आणि आपली काळी माती एका पावसाळ्यात फिल्टर लिंपून टाकते. जूनच्या पहिल्या आठवड्यात वरची वाळू बाहेर काढून धुवायची, पहिल्या दोन सरींचं पाणी बाहेर सोडायचं, मगच व्हॉल्व्ह खड्ड्याकडे फिरवायचा.