कोकणातल्या घरात जुना लाइव्ह जॅझ ऐकायचा तर

रात्रभर दशावतार बघितलेल्या माणसाला जॅझ समजवायला फार वेळ लागत नाही. आख्यान ठरलेलं असतं, शेवटी कोण मरणार हेही ठरलेलं असतं, पण संवाद कुणी लिहून दिलेले नसतात. राजाला त्या रात्री सुचेल ते तो बोलतो आणि समोरचा त्यावर ताण करतो. जॅझमध्ये चाल ठरलेली असते, चालीखालच्या कॉर्डचा, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुडग्यांचा, क्रम ठरलेला असतो, बाकीचं सगळं जाग्यावर. म्हणून जुन्या जॅझची ओळख स्टुडिओतल्या तबकडीवर करून घेऊ नये, प्रयोगाच्या ध्वनिमुद्रणावर करून घ्यावी. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. तेवढ्यात वादक नमस्कार करून उठायचा. मंचावर घड्याळ नव्हतं.

पहिला महिना एकच चीज

दहा मैफलींची यादी करून बसू नका. बिली हॉलिडे या गायिकेचं ‘फाइन अँड मेलो’ घ्या. ८ डिसेंबर १९५७ रोजी अमेरिकेच्या सीबीएस टीव्हीवर ‘द साउंड ऑफ जॅझ’ या कार्यक्रमात ते थेट प्रक्षेपित झालं. त्याचं चित्रीकरण सहज सापडतं, आणि कोण कधी वाजवतंय हे डोळ्यांना दिसत असल्यामुळे सुरुवातीला हेच बरं. एक खबरदारी मात्र घ्या: याच नावाची एलपी (जास्त वेळ वाजणारी तबकडी) आहे, ती काही दिवस आधी स्टुडिओत मुद्रित केलेली. आपल्याला टीव्हीवरचं हवं. बिली उंच स्टुलावर बसलेली आणि भोवती वादकांचं अर्धवर्तुळ दिसलं, की बरोबर जागी आलात.

आता मोजणी. हा बारा मापांचा ब्लूज आहे, म्हणजे ठरलेल्या कॉर्डचा बारा मापांचा साचा, जो पुन्हा पुन्हा फिरतो. एका मापात चार मात्रा, म्हणजे ४८ मात्रांचं एक आवर्तन. इंग्रजीत त्याला ‘कोरस’ म्हणतात, पण मराठीत कोरस म्हटलं की मागे उभे राहून गाणाऱ्या मुली आठवतात, म्हणून इथे आवर्तनच म्हणू. लय संथ आहे, बोटांवर सहज मोजता येते. मात्र प्रत्येक मात्रेच्या पोटात तीन बारीक झोके आहेत. ते न मोजता नुसते अंगात येऊ द्या.

बारा मापांचे चार-चारचे तीन तुकडे पडतात. पहिल्या चारांत बिली एक ओळ म्हणते. पाचव्या मापावर खालची कॉर्ड बदलते आणि तीच ओळ परत येते. नवव्यावर पुन्हा कॉर्ड बदलते आणि त्या ओळीचं उत्तर मिळतं. पाचवं आणि नववं माप कानाला लागलं की अर्धं काम झालं, कारण मग गाणं थांबलं आणि नुसता सॅक्सोफोन सुरू झाला तरी आपण कुठे आहोत ते कळतं. बारावं माप संपून पहिलं आलं की ती आपली सम. सुरुवातीला सम चुकेल. चुकली तर मागे जाऊ नका, बिली पुन्हा गायला लागेपर्यंत थांबा आणि तिथून परत धरा.

गाण्यानंतर पहिला बेन वेबस्टर वाजवतो, त्याच्यामागून लेस्टर यंग, प्रत्येकी एक आवर्तन. दोघांचंही वाद्य टेनर सॅक्सोफोन. एकापाठोपाठ एक ऐकले की वाद्य तेच आणि माणूस वेगळा म्हणजे काय ते कुणी सांगावं लागत नाही. वेबस्टर श्वासासकट वाजवतो, आवाज जाड आणि भरलेला. यंग अगदी मोजके सूर ठेवतो आणि मधल्या जागा रिकाम्या सोडतो. तो वाजवत असताना कॅमेरा बिलीच्या चेहऱ्यावर जातो. तिथे मोजणी सोडा आणि नुसतं बघा. यंग १५ मार्च १९५९ ला गेला, बिली त्याच वर्षी १७ जुलैला.

टाळी कुठे द्यायची

इथे आपलं सगळ्यांचं चुकतं. भजनाच्या सवयीने हात पहिल्या मात्रेवर पडतो. जॅझमध्ये वजन दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतं, आणि ड्रमवाल्याच्या पायाखालची झांजांची जोडीही तिथेच मिटते. पहिल्या-तिसऱ्यावर टाळी देत राहिलात तर सगळं वादन लष्करी बँडसारखं वाटेल आणि दोष जॅझला जाईल. उपाय सोपा आहे. एक आणि तीनला पाय, दोन आणि चारला चुटकी. आठवडाभर भात शिजत असताना चुलीपाशी उभं राहून केलं तरी बसतं.

मग न्यूपोर्ट

ड्यूक एलिंग्टनच्या बँडचं न्यूपोर्ट महोत्सवातलं ७ जुलै १९५६ चं वादन. ‘डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू’ ही जोडरचना १९३७ ची. दोन भागांच्या मधल्या जागेत पॉल गोन्साल्विस हा टेनर सॅक्सोफोनवाला उभा राहतो आणि २७ आवर्तनं वाजवतो. ब्लूज तोच, बारा मापांचा, पण लय चांगलीच चढी. २७ गुणिले ४८, म्हणजे १२९६ मात्रा. त्या सगळ्या मोजायला बसू नका. दर आवर्तनाला एक काजू एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाका. २७ भरले तर तुमची सम पक्की झाली. २५ किंवा २९ झाले तर बहुधा लोकांच्या आरडाओरड्यात एखादं पहिलं माप हुकलं.

तो आरडाओरडाही या मुद्रणाचा भागच आहे. सातव्या-आठव्या आवर्तनानंतर गर्दीचा आवाज कसा चढतो त्याकडे कान ठेवा. प्रेक्षकांत एक बाई उठून नाचायला लागली होती, आणि मंचाच्या कडेला बसलेला जो जोन्स हा ड्रमवादक गुंडाळलेलं वर्तमानपत्र आपटून ठेका देत होता. डबलबारीत एका बुवाचा गजर रंगला की मंडपातली मागची रांग उभी राहते, तसलाच हा प्रकार.

आवृत्ती निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. १९५६ च्या मूळ एलपीवरचा बराच भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून वर टाळ्या चिकटवलेला आहे. गोन्साल्विसचं वादन खरं, पण तो चुकून व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओच्या मायक्रोफोनपुढे वाजवत राहिला, त्यामुळे एलपी काढणाऱ्या कोलंबिया कंपनीच्या टेपवर तो लांबून ऐकू येतो. पुढे व्हॉइस ऑफ अमेरिकाची टेप सापडली आणि दोन्ही जुळवून १९९९ मध्ये संपूर्ण मैफल दोन सीडींवर आली. तीच शोधा.

टोरंटोच्या मॅसी हॉलमधली १५ मे १९५३ ची मैफलही अशीच ठिगळाची. सॅक्सोफोनवर चार्ली पार्कर, ट्रम्पेटवर डिझी गिलेस्पी, पियानोवर बड पॉवेल, डबल बास या उभ्या धरायच्या, खालच्या सुरांच्या मोठ्या तंतुवाद्यावर चार्ल्स मिंगस आणि ड्रमवर मॅक्स रोच. मूळ मुद्रणात डबल बास जेमतेमच ऐकू येत होता, म्हणून मिंगसने तो नंतर स्टुडिओत वरून भरला. बास अंमळ जवळ वाटतो तो त्यामुळे. तुमच्या स्पीकरचा त्यात दोष नाही. आणि तबकडीवर ‘चार्ली चॅन’ असं नाव दिसलं तर तो पार्करच. कराराच्या अडचणीमुळे नाव बदललेलं. पहिल्या महिन्यात मात्र पार्करला हात लावू नका. त्याच्या वेगाने माणूस दबतो आणि परत या वाटेला येत नाही.

तीनदा ऐका, वेगवेगळ्या कानांनी

एका चिजेच्या तीन फेऱ्या करा. पहिली नुसती, काम करत करत. दुसऱ्या फेरीत फक्त डबल बास धरायचा, बाकीचं कितीही खुणावलं तरी. पखवाजावर कान ठेवून भजन ऐकतो तसं. बहुतेक वेळा तो मात्रेला एक सूर टाकत चालत असतो आणि सगळी इमारत त्याच्यावर असते. तिसऱ्या फेरीत वाजवणारा आणि मागचा ड्रम यांचं संभाषण.

दुसरी फेरी मोबाइलच्या स्पीकरवर होणारच नाही. डबल बासचा सगळ्यात खालचा सूर ४१ हर्ट्झच्या आसपास असतो, आणि मोबाइलचा स्पीकर काहीशे हर्ट्झच्या खाली गेला की गप्प बसतो. साधे वायरचे इअरफोनही त्याहून बरे, फक्त कानात घट्ट बसले पाहिजेत. सैल बसले की पहिला बासच गळतो.

खोली, पाऊस आणि लाइट

चिऱ्याच्या भिंतीला सिमेंटचं गुळगुळीत प्लास्टर आणि खाली टाइल्स असली खोली घुमते. झांजा कर्कश होतात आणि बास फुगतो. महागडं काही नको: स्पीकरसमोरच्या भिंतीवर दोरीला एक जाड गोधडी, जमिनीवर सतरंजी. स्पीकर कोपऱ्यात ढकलू नका, भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे घ्या. दोन स्पीकरमध्ये पाच-सहा फूट अंतर आणि तुम्ही त्यांच्यापासून तेवढ्याच अंतरावर. जुनं मोनो (दोन्ही स्पीकरना एकच आवाज देणारं) मुद्रण असेल तर आवाज बरोबर मधून आला पाहिजे. एका बाजूला झुकला तर वायरची पिन खारट हवेने गंजली आहे का बघा. किनाऱ्यावर बहुतेक वेळा तेच निघतं.

पत्र्यावर पाऊस तडतडत असताना आवाज वाढवून उपयोग नाही. पावसाचा आवाज आणि झांजांचा आवाज एकाच पट्टीत भांडतात. तेव्हा कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्या, नाहीतर उघडीप होईपर्यंत थांबा. कौलारू माजघरात त्यातल्या त्यात ऐकता येतं.

अँप्लिफायरमधून सतत घूं ऐकू येत असेल तर आधी अर्थिंग बघा. कातळावरच्या घरात उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. एप्रिल-मे मध्ये त्यात आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी ओता, आणि प्लेयरची जमिनीची बारीक तार अँप्लिफायरला जोडली आहे ना हेही पाहा. इन्व्हर्टरवर गेल्यावरच चरचर सुरू होत असेल तर तो स्क्वेअर वेव्हचा आहे. संगीतासाठी साइन वेव्ह लागतो. तोपर्यंत बॅटरीवर चालणारा स्पीकर वापरा. वादळात लाइटपाठोपाठ नेटवर्कही जातं, तेव्हा मे संपायच्या आत हव्या त्या मैफली वरच्या दर्जात उतरवून ठेवा.

तबकड्या असतील तर

माळ्यावर एलपी किंवा ७८ च्या तबकड्या सापडल्या तर लगेच वाजवू नका. आधी बुरशी काढा, अंगणात, नाकाला फडकं बांधून. लिटरभर डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, मऊ मायक्रोफायबर कापड. खाचांच्या दिशेने गोल पुसा, आडवं नाही. मधल्या कागदी लेबलला पाणी लागू देऊ नका. शेवटी नुसत्या डिस्टिल्ड वॉटरचा हात आणि सावलीत ताटाळ्यात उभ्या. पापड आणि सोलं वाळतात त्या उन्हात ठेवल्या तर तासाभरात पन्हळ होईल. ७८ च्या जुन्या तबकड्या बहुधा लाखेच्या असतात, त्यांना स्पिरिट चुकूनही लावू नका; लाख विरघळते. त्यांची सुईही वेगळी, साधारण ७० मायक्रॉनची. एलपीची बारीक सुई तिथे खाचेच्या तळाशी घसरते आणि नुसती खरखर ऐकू येते.

साठवण नेहमी उभी. आतली कागदी पाकिटं ओल धरतात, ती काढून पॉलिथिनची घाला. घट्ट झाकणाच्या डब्यात पंचवीसएक एलपी आणि शंभर-दीडशे ग्रॅम सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की ओल भरली. स्वयंपाकात न वापरायच्या तव्यावर मंद आचेवर परत निळे करून घ्या. कपाटात बल्ब लावायची जुनी युक्ती चालते, पण १५ वॉटचा पिवळा बल्ब हवा आणि तबकड्यांपासून फूटभर लांब. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही.

व्हँगार्ड, शेवटी

पाऊस जाऊन रात्री शांत झाल्या की न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हँगार्ड क्लबातलं बिल इव्हान्सच्या त्रयीचं मुद्रण लावा. २५ जून १९६१ चा रविवार, दिवसभरात पाच बैठका. पियानोवर इव्हान्स, ड्रमवर पॉल मोशन, डबल बासवर पंचवीस वर्षांचा स्कॉट लाफारो. इथे बास मात्रा मोजत चालत नाही, पियानोशी बरोबरीने बोलतो, म्हणूनच हे शेवटी ठेवायचं. मागे पेल्यांचा किणकिणाट आणि लोकांच्या गप्पा आहेत. पहिल्यांदा राग येतो, पण खोली केवढी होती हे त्यांच्यामुळेच कळतं. लाफारो ६ जुलैला मोटार अपघातात गेला.

२००५ च्या संपूर्ण संचात ‘ग्लोरियाज स्टेप’ या चिजेचा पहिला टेक, म्हणजे पहिल्यांदा वाजवलेलं मुद्रण, आहे. त्यात मध्येच आवाज गायब होतो. उठून इन्व्हर्टर बघायला जाऊ नका. लाइट तिकडची गेली आहे.