आधी वकीलपत्रावर नाव, मग बाकीचं

वकिलीची सनद मिळालेल्या मुली माझ्याकडे येतात आणि विचारतात, "मॅडम, कोणाकडे ज्युनियरशिप करू?" नाशिक जिल्ह्यात बावीस वर्षं दिवाणी कामं करतेय, त्यामुळे माझं उत्तर ठरलेलं आहे. सिनियर किती मोठा ते बघू नका. त्याच्या ऑफिसातल्या वकीलपत्रांवर (पक्षकार वकील नेमतो तो कागद) ज्युनियरचं नाव असतं का, ते बघा.

माझ्या पहिल्या ऑफिसात दोन वर्षं नव्हतं. पुकारा झाला की धावायचं, "सर दुसऱ्या कोर्टात आहेत, तारीख मिळावी" म्हणायचं, बाहेर यायचं. दावा मी लिहिलेला, आणि एकदा न्यायाधीश साहेबांनी विचारलं, "आपण या प्रकरणात कोण?" काय सांगणार?

नाव आलं की निशाणी 5 मागून घ्या. दाव्यासोबतचा तूर्तातूर्त मनाईचा, म्हणजे निकाल लागेपर्यंत समोरच्याला थांबवायचा, अर्ज आपल्याकडे निशाणी 5 लाच असतो. युक्तिवाद लहान, पण साहेबांच्या लक्षात राहणारा: सकृतदर्शनी केस, सोय-गैरसोय, भरून न येणारं नुकसान. आदल्या रात्री दावा, सातबारा, फेरफार वाचून एका कागदावर फक्त तारखा उतरवा. बांधाच्या एका दाव्यात समोरचे वकील अर्धा तास निवाडे वाचत होते. मी एवढंच दाखवलं की वादीचं खरेदीखत 2011 चं आहे आणि ताबा मात्र तो 2009 पासून सांगतोय. अर्ज नामंजूर. त्या दिवसानंतर बाररूममध्ये मला चहा विचारायला लागले (आणायला सांगणं बंद झालं, हे जास्त महत्त्वाचं).

बाई वकील म्हटलं की घटस्फोट आणि पोटगीच हातात देतात. घ्या, नाक मुरडू नका. पण पोटगीला आलेल्या बाईला माहेरच्या जमिनीचंही विचारा. भावांनी हक्कसोड करून घेतलंय का? मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क महाराष्ट्राने 1994 मध्येच दिला, केंद्राने 2005 मध्ये; बायकांना अजून ते माहीत नसतं. वाटपाचे माझे निम्मे दावे असेच निघाले. आमच्या नाशिकला 1866 साली जन्मलेल्या, देशातल्या पहिल्या महिला वकील मानल्या जाणाऱ्या कॉर्नेलिया सोराबजी पडद्यातल्या बायकांच्या मिळकतींसाठीच झगडल्या, तेही बायकांना वकिली खुली करणारा 1923 चा कायदा यायच्या कितीतरी आधीपासून. जमिनीचं काम बाईला जमत नाही म्हणणाऱ्याला हे ऐकवा.

फीचं सांगते. पक्षकार 'ताई' म्हणाला की समजा, फी अर्धी झाली. 'ताई, बघा ना काहीतरी' हे वाक्य पुरुष वकिलाला कोणी म्हणत नाही. म्हणू द्या ताई. पण वकीलपत्रावर त्याची सही व्हायच्या आधी निम्मी फी घ्या, पावती द्या, बाकीचे हप्ते त्याच्यासमोर डायरीत लिहा. सुरुवातीला मला हे मागताना घाम फुटायचा. आता सहीचं पेन आणि पावतीपुस्तक एकदमच काढते.

लग्नानंतर सनदेवरचं नाव बदलायची घाई नको. लोक तुम्हाला ज्या नावाने शोधत येतात तेच राहू द्या.

आणि बाळंतपण. प्रसूती लाभाचा कायदा नोकरदार बायकांसाठी, स्वतंत्र वकिलाला त्याचा उपयोग नाही. पहिल्या वेळी मी सगळीकडे दुसरा वकील नेमायला ना हरकत देऊन मोकळी झाले. अठरा फायली गेल्या, चार परत आल्या. दुसऱ्या वेळी पाचव्या महिन्यातच पक्षकारांना बोलावलं आणि नव्या वकीलपत्रावर माझ्या नावाखाली एका मैत्रिणीचं नाव घातलं. ती तारखांना हजर राहायची, मी घरून कैफियती (प्रतिवादीची लेखी उत्तरं) लिहायचे, फी निम्मी-निम्मी. पाच महिन्यांनी कोर्टात गेले तेव्हा सगळ्या फायली टेबलावर होत्या आणि माझ्या डायरीत पुढच्या तारखा तिच्या अक्षरात.