वरातीच्या बँडवर आरंभीचे जॅझ कसे बसवावे
जळगाव-धुळ्याकडील लग्नाच्या बँडपथकांजवळ ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि ढोल असतातच. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराच्या जुन्या जॅझसाठी एक ट्रॉम्बोन (नळी मागेपुढे सरकवून वाजवायचे पितळी वाद्य) मिळवला की पुरे. सरावाला लग्नसराईनंतरचा चातुर्मास सोयीचा.

प्रथम न्यू ऑर्लिन्स धाटणीचे जॅझवादक किंग ऑलिव्हर यांच्या पथकाची १९२३ ची ध्वनिमुद्रणे सर्वांनी एकत्र ऐकावीत. मग ट्रम्पेटने मूळ चाल फारशी न फिरवता वाजवावी, क्लॅरिनेटने तिच्या वर जलद स्वरांची नक्षी काढावी आणि ट्रॉम्बोनने घसरते स्वर घेत खालची बाजू सांभाळावी. तिघे एकाच वेळी वाजवूनही गोंधळ होत नाही, कारण प्रत्येक जण दुसऱ्याने मोकळ्या सोडलेल्या जागेत शिरतो. वरातीत सगळे मिळून एकच चाल जोरात वाजवण्याची सवय असल्याने ही जागा सोडायला शिकण्यासाठीच सर्वाधिक वेळ द्यावा. ढोलाची लय सारखी ठेवावी, ध्वनिवर्धक टाळावा.

१९४० च्या दशकात, स्विंग या नाचाच्या जॅझ प्रकारातील मोठ्या वाद्यवृंदांच्या लिहून बसवलेल्या वादनाला विटलेल्या रसिकांनी न्यू ऑर्लिन्सचे ट्रम्पेटवादक बंक जॉन्सन यांच्यासारख्या वयस्क वादकांना पुन्हा पुढे आणले, ते याच समोरासमोरच्या, जिवंत आवाजासाठी; म्हणून आधी आवाज साधावा आणि जुन्या धाटणीच्या कोट-टोप्यांवरचा खर्च खुशाल नंतर करावा.