एका हिमनदीची तीन नावं: अंटार्क्टिकाच्या नकाशावर काम सुरू करणाऱ्यांसाठी

भूशास्त्र किंवा भूगोलात एम.एस्सी. करून ध्रुवीय संशोधनाकडे वळणाऱ्या मुलांना थेट बर्फावर जायचं असतं. मलाही जायचं होतं. हाती आलं ते टेबलावरचं काम: उपग्रह प्रतिमांवर हिमनद्यांच्या कडा आखायच्या आणि प्रत्येकीपुढे नाव, अक्षांश, रेखांश भरायचे. ऐकायला कारकुनी वाटतं. पण माझ्या मते या विषयात शिरायला याहून चांगली वाट नाही.

पहिली अडचण नावाच्याही आधी येते. हिमालयातली हिमनदी दरीत असते, दोन्ही बाजूंना डोंगर, खाली मुख. बोट ठेवून दाखवता येते. अंटार्क्टिकात बऱ्याच ठिकाणी डोंगरच बर्फाखाली गाडलेले. वर डोकावतात ती फक्त शिखरं, त्यांना नुनाटाक म्हणतात. तिथली हिमनदी म्हणजे बऱ्याचदा संथ बर्फातून वेगाने सरकणारा बर्फाचाच पट्टा. तिची कड ठरवायची ती भेगांवरून आणि पृष्ठभागावरच्या प्रवाहरेषांवरून. लँबर्ट हिमनदी 400 किलोमीटरहून लांब आहे, पण नावांच्या कोशात तिच्यासाठी अक्षांश-रेखांशाची एकच जोडी मिळते. ती जोडी म्हणजे हिमनदी नव्हे, हे सुरुवातीलाच डोक्यात बसवा.

आता नावं. 1959 च्या अंटार्क्टिक कराराने प्रदेशावरचे दावे गोठवले, त्यामुळे नाव देण्याचा अंतिम अधिकार कोणा एकाकडे नाही. अमेरिका, ब्रिटन, नॉर्वे, रशिया, अर्जेंटिना, चिली अशा देशांची आपापली यंत्रणा नावं देते. 'स्कार' ही आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक समिती ती एका संयुक्त कोशात गोळा करते, पण त्यातलं खरं कुठलं याचा निवाडा करत नाही. कोशात 35,000 हून जास्त नावं आहेत, आणि ती ज्यांना दिली ती ठिकाणं त्याहून पुष्कळ कमी.

लँबर्टचंच बघा. 1946-47 साली अमेरिकी नौदलाच्या विमानांनी या भागाचे फोटो काढले. त्यांवरून 1952 मध्ये जॉन रॉस्को या भूगोलतज्ज्ञाने फोटो काढणाऱ्या विमानपथकाच्या नावाने हिला 'बेकर थ्री' म्हटलं. पुढे ऑस्ट्रेलियाने नकाशे केले आणि आपल्या राष्ट्रीय नकाशा विभागाचे संचालक ब्रूस लँबर्ट यांचं नाव दिलं. तेच टिकलं. जुना अहवाल चाळताना 'बेकर थ्री' दिसली तर नवी हिमनदी सापडली म्हणून हुरळून जाऊ नका. आपलं भारती केंद्र याच बाजूला, प्रिड्झ उपसागराच्या काठी लार्समन टेकड्यांवर आहे.

भारताच्या दुसऱ्या, मैत्री केंद्राचा परिसर आणखी गुंतागुंतीचा. 1938-39 च्या जर्मन मोहिमेने श्वाबेनलँड जहाजावरून उडणाऱ्या विमानांतून हजारो फोटो काढले. त्यातल्या एका वैमानिकाचं, शिर्माखरचं, नाव तिथल्या ओअॅसिसला, म्हणजे बर्फाने न झाकलेल्या खडकाळ पट्ट्याला, मिळालं. पण जमिनीवर पुरेसे संदर्भबिंदू नसल्यामुळे त्या नकाशांवरच्या जागा सरकलेल्या होत्या. मग नॉर्वेजियनांनी नव्याने नकाशे केले, सोव्हिएत मोहिमांनीही नावं दिली. म्हणून एकच डोंगर तीन रूपांत भेटतो. यावर माझा उपाय साधा: नावातला प्रकार सांगणारा भाग ओळखा. नॉर्वेजियन नावात तो शेवटी येतो: 'ब्रेन' हिमनदी, 'फ्येलेट' डोंगर, 'डालेन' दरी. रशियनमध्ये तो सुटा शब्द, बहुधा नावाच्या आधी: 'लेडनिक' हिमनदी, 'गोरा' डोंगर. एवढं जमलं की नकाशा अर्धा वाचता येतो.

सगळ्यात जास्त गोंधळ मात्र आपल्याच नावाने होतो. दक्षिण गंगोत्री हे भारताचं पहिलं केंद्र, 1983-84 मध्ये समुद्रावर तरंगणाऱ्या हिमतटावर उभारलेलं. ते हळूहळू बर्फात गाडलं गेलं. याच नावाची हिमनदी शिर्माखर ओअॅसिसच्या कडेला आहे आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने तिच्या मुखाची मोजणी वर्षानुवर्षं केली आहे. शोधनिबंधात नुसतं 'दक्षिण गंगोत्री' दिसलं तर केंद्र की हिमनदी, हे आधी ठरवा. दोन्हींत बरंच अंतर आहे.

थोडं गमतीचंही. ब्रिटिश समितीला विषयवार नावं द्यायची हौस आहे, म्हणून अलेक्झांडर बेटावर बेथोवेन द्वीपकल्प, मोझार्टच्या नावाचं हिममैदान, बाखच्या नावाचा हिमतट अशी अख्खी मैफल भरलीय. बल्गेरियाने लिव्हिंगस्टन बेटावर आपल्या जुन्या देवाच्या, तांग्राच्या नावाची पर्वतरांग ठेवलीय. नावांची अशी झुंड दिसली की तिथे कोण फिरलं आणि नकाशा कोणी केला, याचा अंदाज बांधता येतो.

साधनांत क्यूजीआयएस हे नकाशे करण्याचं सॉफ्टवेअर आणि त्यावर चालणारा 'क्वांटार्क्टिका' हा नॉर्वेजियन ध्रुवीय संस्थेचा संच घ्या. दोन्ही फुकट आहेत, आणि संचात नावांचा थरही मिळतो. नोकरीचे मुख्य रस्ते दोन: वास्कोतल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रात पीएच.डी. किंवा प्रकल्पावरचं काम, नाहीतर यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा देऊन सर्वेक्षण विभाग. मोहिमेसाठी निवड झाली तर वैद्यकीय तपासणी आणि औलीतलं बर्फावरचं प्रशिक्षण चुकत नाही.

प्रबंधात प्रत्येक हिमनदीपुढे कोशातला क्रमांक, नाव कोणत्या देशाच्या यादीतलं आणि प्रतिमेची तारीख, हे तिन्ही लिहा. अंटार्क्टिक द्वीपकल्पावर काम असेल तर हे टाळताच येत नाही. तिथे ब्रिटन, अर्जेंटिना आणि चिली यांचे दावे एकमेकांवर चढलेले आहेत आणि एकाच कड्याला तिघांची तीन नावं आहेत. कोणतंही एक निवडा, पण पहिल्या पानापासून शेवटच्या तक्त्यापर्यंत तेच ठेवा आणि बाकीची परिशिष्टात द्या.