सस्पेंडनंतर व्हीएमचं घड्याळ मागे राहतंय?

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्याचा हिशेब मी लॅपटॉपवरच्या लिनक्स व्हीएममध्ये (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे लॅपटॉपच्या आत चालणारा आभासी संगणक) ठेवतो. रात्री व्हीएम सस्पेंड करून घरी. एके सकाळी सौद्याआधी पाच पावत्या काढल्या, तर सगळ्यांवर कालची तारीख आणि वेळ रात्री 8.40! पाचही फाडल्या.

व्हीएम गोठली की आतलं घड्याळही गोठतं आणि उठल्यावर तिथूनच पुढे चालतं. नेटवरून घड्याळ जुळवणारा क्रोनी हा प्रोग्रॅम चालू होता, पण तो सहसा फक्त सुरुवातीच्या तीन दुरुस्त्यांतच घड्याळ एकदम पुढे ढकलतो. नंतर हळूहळू सरकवतो. त्याच्या नेहमीच्या कमाल वेगानेही बारा तासांची तूट भरायला सहा दिवस लागतात. तोवर व्हीएममधल्या ओटीपी ॲपचे कोडसुद्धा चुकणार, कारण ते घड्याळावरून बनतात आणि बहुधा दर 30 सेकंदांना बदलतात.

तातडीचा उपाय म्हणजे नेट जोडून टर्मिनलमध्ये ‘सुडो क्रोनीसी मेकस्टेप’ (sudo chronyc makestep). कायमचा हवा तर क्रोनीच्या कॉन्फिग फाइलमधली मेकस्टेपची ओळ ‘मेकस्टेप 1 -1’ (makestep 1 -1) करा (उणे चिन्ह विसरू नका, मी विसरलो होतो) आणि क्रोनी रीस्टार्ट करा. आता फरक एका सेकंदाहून जास्त दिसला की तो केव्हाही थेट उडी मारतो. पावत्या मात्र कोपऱ्यातली वेळ बघूनच काढा. व्हीएम उठल्यावर क्रोनीला मिनिटभर तरी द्यावं लागतं.